शीला शेरलॉक

डेम शीला पॅट्रिशिया व्हायोलेट शेरलॉक (जन्म : ३१ मार्च १९१८, डब्लिन, मृत्यू : ३० डिसेंबर २००१, लंडन) या ब्रिटिश डॉक्टर, संशोधक आणि वैद्यकाच्या अध्यापिका होत्या. यकृताच्या विकारांचा अभ्यास ही वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा म्हणून प्रस्थापित करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. सुईच्या साहाय्याने जिवंत रुग्णाच्या यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याची पद्धत त्यांनी ब्रिटनमध्ये रूढ केली. कावीळ, यकृतदाह (हिपॅटायटिस) आणि सिऱ्होसिस यांविषयीच्या अनेक समजुती त्यांनी या पद्धतीच्या आधारे तपासून पाहिल्या. १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटल वैद्यकीय विद्यालयात त्यांची नेमणूक झाली. ब्रिटनमध्ये वैद्यक या विषयाचे प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

== बालपण व शिक्षण ==

शीला शेरलॉक यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. त्यांचे वडील सॅम्युएल फिलिप शेरलॉक हे लष्करात अधिकारी होते. शीला लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला आले आणि त्यांचे प्रारंभिक शिक्षण लंडनमध्ये झाले. १९२९ मध्ये कुटुंब केंट परगण्यातील सँडगेट या गावी स्थायिक झाले. तेथून जवळच असलेल्या फोकस्टन येथील मुलींच्या शाळेत त्यांनी पुढील शिक्षण घेतले.

शालेय शिक्षण संपल्यावर डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्यांनी इंग्लंडमधील अनेक वैद्यकीय विद्यालयांकडे अर्ज केले. परंतु सर्व ठिकाणी त्यांना नकार मिळाला. त्या काळी बहुतेक विद्यालये मुलींना प्रवेशच देत नसत आणि जी देत, त्यांच्याकडे मुलींसाठी अगदी मोजक्या जागा असत. अखेर १९३६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला. या विद्यापीठाचा इतिहासही स्त्रियांच्या दृष्टीने सरळ नव्हता. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींनी तेथे वैद्यकाचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला होता. त्यांना तीव्र विरोध झाला आणि त्यांना तेथे पदवी मिळू शकली नाही. शेरलॉक यांच्या काळापर्यंत ही परिस्थिती बदललेली होती.

१९४१ मध्ये वैद्यकाची पदवी घेताना शेरलॉक आपल्या वर्गात पहिल्या आल्या. सर्वोत्तम पदवीधराला मिळणारी एटल्स शिष्यवृत्ती त्यांना देण्यात आली. हा मान मिळवणाऱ्या त्या केवळ दुसऱ्या महिला होत्या. पदवीनंतर एडिनबरा येथील शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जेम्स लिअरमंथ यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. संशोधनाची आखणी कशी करावी आणि निष्कर्ष नेमक्या शब्दांत कसे मांडावेत, याचे पहिले धडे त्यांना लिअरमंथ यांच्याकडून मिळाले. त्यांच्यासमवेतच शेरलॉक यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

== हॅमरस्मिथ आणि युद्धकाळातील कावीळ ==

१९४२ मध्ये शेरलॉक लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात दाखल झाल्या. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यालय याच रुग्णालयाला जोडलेले होते. तेथे त्यांना जॉन मॅकमायकेल यांचे मार्गदर्शन लाभले. मॅकमायकेल यांनी प्लीहा व यकृत यांच्या रक्ताभिसरणावर पूर्वी संशोधन केले होते. पुढे ते हृदयविकारांच्या अभ्यासाकडे वळले आणि यकृताचा विषय त्यांनी आपल्या तरुण सहकारी डॉक्टरकडे सोपवला.

त्या वेळी दुसरे महायुद्ध सुरू होते आणि कावीळ हा सैन्यासमोरील गंभीर प्रश्न बनला होता. भूमध्य सागराच्या परिसरातील छावण्यांमध्ये सैनिकांत काविळीची साथ पसरत होती. पीतज्वराच्या लशीत मिसळलेल्या मानवी रक्तद्रवामुळे १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात हजारो जणांना कावीळ झाली. आर्सेनिकयुक्त औषधांची इंजेक्शने घेणाऱ्या उपदंशाच्या रुग्णांमध्येही काविळीचे प्रमाण मोठे होते. साथीची, रक्तद्रवातून येणारी आणि आर्सेनिकच्या उपचारांनंतर उद्भवणारी अशा या तीन प्रकारच्या काविळींमध्ये यकृतात नेमके काय घडते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. या रोगाला कारणीभूत असणारे विषाणू तोपर्यंत कोणी पाहिलेले नव्हते.

त्यापूर्वीच्या वैद्यकात साध्या काविळीविषयी एक समजूत रूढ होती. आतड्याच्या मुखाशी पित्तवाहिनीत चिकट श्लेष्मा साठतो, त्यामुळे पित्तरसाचा मार्ग बंद होतो आणि पित्त रक्तात उतरते, असे मानले जात असे. एकोणिसाव्या शतकातील थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाचे वजन या मताच्या पाठीशी होते. साध्या काविळीचे रुग्ण सहसा बरे होत असल्यामुळे त्यांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची संधीच मिळत नसे. शवविच्छेदनात मिळणारे यकृत हे रोगाच्या शेवटच्या अवस्थेतील असे. शिवाय मृत्यूनंतर यकृताच्या ऊतकांत झपाट्याने बदल होत असल्याने त्यावरून काढलेले निष्कर्ष खात्रीचे नसत.

== सुईने यकृताची तपासणी ==

या अडचणीवरचा मार्ग डेन्मार्कमधून आला. कोपनहेगन येथील इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी १९३९ मध्ये सुईच्या साहाय्याने यकृताचा नमुना घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. शेरलॉक यांनी ती हॅमरस्मिथमध्ये आत्मसात केली. रुग्णाच्या उजव्या बाजूच्या बरगड्यांमधील त्वचा व खालचा भाग बधिर करून रुग्णाला श्वास रोखून धरण्यास सांगितले जाई. मग पोकळ सुई यकृतात शिरवून चोषणाच्या साहाय्याने ऊतकाचा धाग्यासारखा बारीक तुकडा बाहेर काढला जाई. त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणजे यकृताच्या पेशी, पित्तनलिका आणि त्यांच्याभोवतीचे तंतू यांची अवस्था समजत असे.

ही तपासणी धोक्यापासून मुक्त नव्हती. यकृत हा रक्ताने भरलेला अवयव असून यकृताच्या रोगात रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. त्यामुळे सुई काढल्यानंतर पोटात रक्तस्राव होण्याची किंवा पित्तरस झिरपण्याची भीती असे. कोणत्या रुग्णावर ही तपासणी करावी, कोणावर करू नये आणि तपासणीनंतर रुग्णावर कशी देखरेख ठेवावी, याचे नियम बसवणे हा या कामाचा महत्त्वाचा भाग होता.

जे. एच. डिबल, मॅकमायकेल आणि शेरलॉक यांनी तीव्र यकृतदाहावरील आपले निष्कर्ष १९४३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. साथीची, रक्तद्रवातून आलेली आणि आर्सेनिकच्या उपचारांनंतरची अशा तिन्ही काविळींमध्ये यकृताच्या ऊतकांतील बदल एकसारखे असल्याचे त्यांना आढळले. बिघाड पित्तवाहिनीच्या मुखाशी होत नव्हता. यकृताच्या पेशींचाच दाह व नाश होत होता. यामुळे श्लेष्म्याने मार्ग बंद होण्याची जुनी कल्पना मागे पडली. बहुतेक रुग्णांमध्ये काही काळाने यकृताची रचना पूर्ववत होते, हेही याच नमुन्यांवरून दिसून आले. यकृतदाहाचे विषाणू निरनिराळे असावेत, हा विचार पुढे बळावला आणि १९४७ मध्ये एफ. ओ. मॅकॅलम यांनी त्यांना 'ए' व 'बी' अशी नावे सुचवली.

रोगग्रस्त यकृत आणि त्याची सुईने होणारी तपासणी हाच शेरलॉक यांच्या एम.डी. पदवीच्या प्रबंधाचा विषय होता. या प्रबंधासाठी १९४५ मध्ये एडिनबरा विद्यापीठाने त्यांना सुवर्णपदक दिले. १९४७ मध्ये रॉकफेलर प्रवासी शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील येल विद्यापीठात गेल्या आणि यकृतातील कर्बोदकांच्या चयापचयाचा त्यांनी अभ्यास केला. १९४८ मध्ये हॅमरस्मिथला परतल्यावर वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांची व्याख्याता व सल्लागार डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. १९५१ मध्ये त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फेलो झाल्या.

== यकृत आणि मेंदू ==

१९५० च्या दशकात शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या रुग्णांमध्ये होणाऱ्या मानसिक बदलांचा अभ्यास केला. सिऱ्होसिस झालेल्या काही रुग्णांची झोप दिवसा वाढते व रात्री नाहीशी होते. अक्षर बिघडते, बोलण्यात असंबद्धता येते, पुढे धरलेले हात पंख फडफडावेत तसे थरथरतात आणि शेवटी रुग्ण बेशुद्ध होतो. अशा रुग्णांना मनोविकार झाल्याचा समज होण्याचाही संभव असे.

आतड्यांतून निघणारे रक्त पोर्टल शिरेतून प्रथम यकृतात जाते आणि अन्नातील प्रथिनांपासून आतड्यातील जीवाणूंनी तयार केलेले अमोनियासारखे नायट्रोजनयुक्त पदार्थ तेथे निकामी केले जातात. यकृत कठीण झाले की हे रक्त आडमार्गाने, यकृताला वळसा घालून थेट शरीरात मिसळते आणि त्यातील घातक पदार्थ मेंदूपर्यंत पोहोचतात. शेरलॉक, विल्यम समरस्किल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि रक्ताच्या या आडमार्गाशी त्याचा संबंध जोडला.

या स्पष्टीकरणातून उपचारांची दिशा मिळाली. आहारातील प्रथिने कमी करणे आणि आतड्यातील जीवाणूंची संख्या घटवणारी प्रतिजैविके देणे हे उपाय त्यांच्या गटाने करून पाहिले. यकृताच्या विकाराने बेशुद्ध झालेल्या रुग्णांवर निओमायसिन या औषधाचा उपयोग होत असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. आतड्यातील जीवाणूंवर लक्ष ठेवून केले जाणारे उपचार आजही प्रचलित आहेत. मात्र दीर्घकाळ प्रथिने तोडण्याचा सल्ला आता दिला जात नाही, कारण त्यामुळे आधीच क्षीण झालेला रुग्ण अधिक अशक्त होतो.

== प्रयोगांविषयीचा वाद ==

हॅमरस्मिथमधील संशोधनाने वैद्यकाला मोठी गती दिली, तशीच त्यावर टीकाही झाली. रुग्णांच्या हृदयात व यकृताच्या शिरांमध्ये नळ्या सरकवून दाब मोजणे, सुईने ऊतकांचे नमुने घेणे आणि नायट्रोजनयुक्त पदार्थ देऊन त्यांचा मेंदूवरील परिणाम पाहणे, असे अभ्यास तेथे होत. त्यांतील काहींचा त्या विशिष्ट रुग्णाला स्वतःला लाभ होण्याची शक्यता नसे. रुग्णाला काय सांगितले गेले आणि त्याने कशाला संमती दिली, याची लेखी नोंद ठेवण्याचा प्रघात त्या काळी नव्हता.

लंडनमधील डॉक्टर मॉरिस पॅपवर्थ यांनी १९६७ मध्ये रुग्णांवरील प्रयोगांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांचाच आधार घेऊन त्यांनी अनेक संशोधकांवर कठोर टीका केली. हॅमरस्मिथ येथील अभ्यासांचा त्यात ठळक उल्लेख होता आणि यकृताच्या रुग्णांवर झालेले प्रयोगही त्यातून सुटले नव्हते. वैद्यकीय क्षेत्रातील अनेक प्रतिष्ठितांना हे पुस्तक रुचले नाही. तथापि त्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने मानवांवरील संशोधनाची आगाऊ छाननी करणाऱ्या समित्या रुग्णालयांत नेमाव्यात, अशी शिफारस केली. पुढे अशा नीतिविषयक समित्या सर्वत्र स्थापन झाल्या.

शेरलॉक यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात. काविळीच्या रुग्णाला अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवणारे आणि त्याच्या रोगाचे नाव निश्चित करणारे ज्ञान याच तपासण्यांतून मिळाले. त्याचा पाया मात्र ज्या रुग्णांनी घातला, त्यांच्यापैकी अनेकांना आपण कशात सहभागी आहोत याची पुरेशी कल्पना असण्याची हमी नव्हती.

== रॉयल फ्री हॉस्पिटल ==

१९५९ मध्ये शेरलॉक रॉयल फ्री हॉस्पिटल वैद्यकीय विद्यालयात वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या. हे विद्यालय म्हणजे १८७४ मध्ये स्थापन झालेल्या महिलांसाठीच्या लंडन वैद्यकीय विद्यालयाचे पुढचे रूप होते. इंग्लंडमध्ये स्त्रियांना रुग्णालयीन प्रशिक्षण देण्यास प्रथम तयार झालेल्या मोठ्या रुग्णालयांत रॉयल फ्रीचा समावेश होतो. भारतातील आद्य महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या मुंबईच्या रखमाबाई राऊत यांनी १८९० च्या दशकात याच विद्यालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. १९४७ पासून तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला.

ग्रेज इन रोडवरील जुन्या इमारतीत नव्या विभागाला पुरेशी जागा नव्हती. त्यामुळे यकृतविभागाचे काम छतावर उभारलेल्या तात्पुरत्या लाकडी बांधकामात चाले. अशा अपुऱ्या जागेतही जगभरातील तरुण डॉक्टर प्रशिक्षणासाठी येत. १९७४ मध्ये रुग्णालय हॅम्पस्टेड येथील नव्या इमारतीत गेले आणि विभागाला प्रशस्त जागा मिळाली. १९८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत शेरलॉक या विभागाच्या प्रमुख होत्या.

एका अवयवाच्या अभ्यासासाठी निरनिराळ्या शास्त्रांतील तज्ज्ञांना एकत्र आणणे, हे या विभागाचे वैशिष्ट्य होते. बिलिरुबिन या पित्तरंजकाच्या रासायनिक रूपांवर मूलभूत काम केलेल्या बार्बरा बिलिंग या जीवरसायनशास्त्रज्ञ तेथे कार्यरत होत्या. विकृतिशास्त्रज्ञ पीटर शॉयर यांनी यकृताच्या नमुन्यांच्या वाचनाला शिस्त आणली. शेरलॉक यांच्या हाताखाली काम केलेल्या रॉजर विल्यम्स यांनी पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृतविभाग उभारला आणि शल्यविशारद रॉय काल्न यांच्या सहकार्याने ब्रिटनमधील यकृतरोपणाच्या कार्यक्रमाला आकार दिला.

== प्रतिपिंडांची चाचणी ==

शेरलॉक यांच्या काळात मध्यमवयीन स्त्रियांमध्ये आढळणारा एक विकार डॉक्टरांना बुचकळ्यात टाकत असे. अंगाला दीर्घकाळ खाज सुटे, मग हळूहळू कावीळ वाढत जाई. मोठी पित्तवाहिनी खड्याने किंवा गाठीने बंद झाली असावी, अशा समजुतीने पोट उघडून शस्त्रक्रिया केली जाई. पुष्कळदा आत कोणताही अडथळा सापडत नसे. यकृतातील अगदी बारीक पित्तनलिकांचा हळूहळू नाश करणाऱ्या या रोगाला त्या वेळी प्राथमिक पित्तज सिऱ्होसिस असे म्हणत.

मिडलसेक्स हॉस्पिटलमधील डेबोरा डोनियाक व आयव्हन रॉइट हे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ आणि शेरलॉक यांच्या गटाने १९६५ मध्ये या रोगासंबंधी महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. या रोगाच्या बहुतेक सर्व रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील घटकाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. पित्तवाहिनी यांत्रिक अडथळ्याने बंद झालेल्या रुग्णांत मात्र ती सहसा आढळत नव्हती. त्यामुळे रक्ताच्या साध्या चाचणीने रोगनिदान करणे शक्य झाले आणि अनेक रुग्ण निष्फळ शस्त्रक्रियेतून वाचले. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पित्तनलिकांवर उलटते, या कल्पनेलाही त्यातून पुष्टी मिळाली. ही चाचणी आजही वापरली जाते.

== यकृतदाहावरील उपचार ==

तीव्र यकृतदाह बहुधा आपोआप बरा होतो. परंतु काही रुग्णांमध्ये दाह महिनोन्महिने धुमसत राहतो आणि अखेर सिऱ्होसिस होतो. अशा चिवट यकृतदाहाचा एक प्रकार तरुण स्त्रियांमध्ये विशेष आढळत असे. स्टेरॉइड औषधांनी या रुग्णांना बरे वाटते, असा डॉक्टरांचा अनुभव होता. परंतु त्यामुळे आयुष्य वाढते की केवळ तात्पुरता उतार पडतो, हे सिद्ध झालेले नव्हते. या औषधांचे दुष्परिणामही गंभीर होते.

शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नियंत्रित चाचणीद्वारे सोडवला. एका गटातील रुग्णांना प्रेडनिसोलोन देण्यात आले आणि दुसऱ्या गटाला ते देण्यात आले नाही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या २२ रुग्णांपैकी ३ जण दगावले, तर औषध न घेणाऱ्या २७ रुग्णांपैकी १५ जणांचा मृत्यू झाला. आज स्वयंप्रतिरक्षित यकृतदाह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात स्टेरॉइडमुळे प्राण वाचतात, याचा हा ठोस पुरावा होता. या रोगावरील उपचारांत स्टेरॉइडला आजही मध्यवर्ती स्थान आहे.

या चाचणीचे महत्त्व एका औषधापुरते नव्हते. यकृताच्या दीर्घ रोगांवर फारसे काही करता येत नाही, ही निराशा त्या काळी सर्वत्र होती. सर्व चिवट यकृतदाह एकाच जातीचे नसतात आणि योग्य रुग्ण निवडला तर उपचारांचा उपयोग होतो, हे या कामातून दिसले. 'बी' विषाणूची चाचणी उपलब्ध झाल्यावर विषाणुजन्य आणि स्वयंप्रतिरक्षित यकृतदाह वेगळे ओळखणे शक्य झाले आणि उपचारांची निवड अधिक अचूक झाली.

== ग्रंथलेखन आणि अध्यापन ==

शेरलॉक यांनी यकृत व पित्तमार्ग यांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकटीने लिहिल्या. १९९३ मधील नवव्या आवृत्तीपासून जेम्स डूली हे त्यांचे सहलेखक झाले. या आवृत्त्या क्रमाने पाहिल्या, तर यकृतविज्ञानाचा अर्ध्या शतकाचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. पहिल्या आवृत्तीच्या वेळी यकृतदाहाचा एकही विषाणू ओळखता येत नव्हता. १९६० च्या दशकात 'बी' विषाणूशी संबंधित ऑस्ट्रेलिया प्रतिजनाचा शोध लागला, १९७३ मध्ये 'ए' विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि १९८९ मध्ये 'सी' विषाणूची ओळख पटली. या प्रत्येक टप्प्याला ग्रंथातील प्रकरणे नव्याने लिहावी लागली. सोपी वाक्ये, स्पष्ट आकृत्या आणि रुग्णाच्या खाटेशी उपयोगी पडेल अशी मांडणी यांमुळे हा ग्रंथ अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचला. त्यांच्या मृत्यूनंतरही तो त्यांच्याच नावाने प्रसिद्ध होत आहे.

त्यांच्या शोधनिबंधांची संख्या सहाशेहून अधिक भरते. अध्यापिका म्हणून त्या कडक शिस्तीच्या होत्या. रुग्णकक्षातील फेरीच्या वेळी तयारी न केलेल्या डॉक्टरची त्या गय करीत नसत. मात्र होतकरू सहकाऱ्यांच्या पाठीशी त्या खंबीरपणे उभ्या राहत. अमेरिकेतील हॅन्स पॉपर यांच्याबरोबर त्यांनी यकृताच्या अभ्यासकांचे आंतरराष्ट्रीय संघटन घडवले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय यकृत अभ्यास संघटनेच्या संस्थापकांमध्येही त्या होत्या.

== वैयक्तिक जीवन ==

डिसेंबर १९५१ मध्ये शेरलॉक यांचा विवाह डॉ. डेव्हिड जेरेंट जेम्स यांच्याशी झाला. जेम्स हे वेल्सचे असून सार्कॉइडोसिस या रोगाचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. या दांपत्याला दोन मुली झाल्या. विवाहानंतरही शेरलॉक यांनी आपले वैद्यकीय काम पूर्वीच्याच नावाने चालू ठेवले. प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यानंतरही त्या रुग्ण तपासत, व्याख्याने देत आणि ग्रंथाच्या नव्या आवृत्त्यांवर काम करीत.

== सन्मान ==

१९७८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'डेम' हा किताब दिला. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या वरिष्ठ परीक्षक आणि उपाध्यक्ष या पदांवर त्यांनी काम केले. या संस्थेचे अध्यक्षपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. मार्गारेट टर्नर-वॉरविक यांच्या रूपाने १९८९ मध्ये प्रथमच एक महिला त्या पदावर आली. अनेक विद्यापीठांनी शेरलॉक यांना सन्माननीय पदव्या दिल्या. रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले ते २००१ मध्ये, म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी.

== मृत्यू व वारसा ==

फुप्फुसातील तंतुमयतेच्या विकाराने ३० डिसेंबर २००१ रोजी लंडनमध्ये शीला शेरलॉक यांचे निधन झाले. त्याच महिन्यात त्यांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. रॉयल फ्री हॉस्पिटलमधील यकृतकेंद्राला त्यांचे नाव देण्यात आले असून युरोपीय यकृत अभ्यास संघटना तरुण संशोधकांना त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती देते.

शेरलॉक यांनी वैद्यकाच्या शिक्षणास प्रारंभ केला, तेव्हा यकृताचे विकार सामान्य वैद्यकातील एक दुर्लक्षित प्रकरण होते. त्या निवृत्त झाल्या, तेव्हा यकृतविज्ञानाला स्वतःचे विभाग, नियतकालिके, परिषदा आणि उपचारपद्धती लाभल्या होत्या. आता रक्ताच्या चाचण्या आणि ध्वनिलहरींनी यकृताचा कठीणपणा मोजणारी यंत्रे यांमुळे सुईने नमुना घेण्याची गरज बरीच कमी झाली आहे. परंतु या नव्या चाचण्यांच्या आकड्यांचा अर्थ लावताना, सुईने घेतलेल्या नमुन्यांवरून ठरवलेल्या रोगाच्या अवस्थांशीच त्यांचा मेळ घालावा लागतो.